चाळीस पळसांची राखण

“यंदा आपल्या गावची एक बी बाई मिरची तोडाले आंध्रात जाणार नाई. गेली तं मी मिशी काढून देईन,” बापूराव ग्रामसभेत म्हणाला.

बापूरावाला मिशी नव्हती. कधीच नव्हती. वरच्या ओठावर केसच उगवत नव्हता, त्यामुळे या पैजेत त्याचं जाण्यासारखं काही नव्हतं. पण तो वनसंरक्षण समितीचा अध्यक्ष होता, समोर जंगलाचं काम करणाऱ्या संस्थेचे साहेब खुर्चीवर बसले होते, अन् अशा वेळी माणूस काहीतरी काढून द्यायचं बोलतोच. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तशी बायकांच्या रांगेतून त्याचीच बायको उठली.

“पण मी तं मुकादमाले हो म्हणून बसली,” ती म्हणाली.

ही नव्व्याण्णव सालची गोष्ट. आमचं गाव डोंगरटोला, सिंदेवाहीवरून जीपनं सोळा किलोमीटर. जीपमध्ये जागा मिळाली तर सोळा, टपावर बसलं तर जास्त वाटतं. सात वर्षांपासून आम्ही जंगल राखत होतो. रोज चार माणसं काठ्या घेऊन फिरायची. चोरतोडीची बैलगाडी दिसली की आडवी करायची. जंगल खरंच वाढलं. साग उभा राहिला, बांबूची बेटं भरली, मोर परत आले. रानडुकरंही परत आली अन् जंगलाला लागून असलेल्या बांध्यांतलं धान खाऊ लागली. समितीचे नियम त्यांना लागू होत नव्हते.

जंगल वाढलं, पण हाताला काम वाढलं नाही. धान निघालं की गाव रिकामं. फेब्रुवारीत मुकादमाची जीप यायची अन् बायकांना भरून मिरची तोडायला आंध्रात घेऊन जायची. रिकामी झालेली घरं राखायला म्हातारे अन् कुत्रे उरायचे.

रुखमाबाई त्या जीपमध्ये दरवर्षी असायची. नवरा गेलेला, एक एकर बांधी, अन् खुशबू नावाची एकच पोरगी. पोरीला एकटं कुणाकडे ठेवायचं, म्हणून तीही सोबत जायची. सातवीपासून खुशबू दर फेब्रुवारी-मार्चात शाळेतून गायब व्हायची अन् मास्तर तिची अक्षरं चांगली म्हणून तिला वर ढकलायचे. पण यंदा ती दहावीत होती. बोर्डाचा पेपर मार्चात, मिरचीही मार्चात, अन् बोर्डात कुणी अक्षर पाहून ढकलत नाही. ग्रामसभेत रुखमाबाई टाळ्या वाजवत नव्हती. तिनं उठून साहेबांना एकच विचारलं.

“दिवाळीपर्यंत काई हाती लागन का? लागलं तं मी जाणार नाई. पोरगी पेपरले बसन.”

“कार्तिकात लागेल, बाई,” साहेब म्हणाले. “लाखेचं पीक कार्तिकात निघतं.”

लाख आमच्या म्हाताऱ्यांना माहीत होती. पळसाच्या कोवळ्या फांदीला बारीक किडा बसतो, रस पितो अन् अंगाभोवती लाल-तपकिरी खपली करतो. ती खपली म्हणजे लाख. आजोबांच्या काळात लोक ती काढून विकायचे. मधल्या काळात सगळे विसरले. साहेबांचं म्हणणं असं की तलावाच्या पाळीखालच्या पडितात जे पळस आहेत ते बायकांच्या गटाला द्यावे, त्यावर बियाण्याची लाख बांधावी. झाड तोडायचं नाही, नांगरायचं नाही, खत नाही. बसून पाहायचं. बसून पाहण्याचं काम असल्यानं गावात कुणाचा विरोध नव्हता.

रुखमाबाई गटाची प्रमुख झाली. झाडं छाटायची होती ती बायकांनी उन्हाळ्यातच छाटून ठेवली, म्हणजे पावसाच्या तोंडाशी सरळ, लुसलुशीत फुटवे येतात अन् किड्याला तेच आवडतात. आता फक्त किडे आणायचे राहिले होते.

किडे आणायला बापूराव गेला, अन् सोबत सिंदेवाहीचा वहाबभाऊ. वहाबभाऊचं बसस्टँडजवळ मोहफूल, हिरडा, चारोळीच्या खरेदीचं दुकान. त्याचे वडील लाखेच्या बांगड्या करायचे. घरात अजून ती छोटी भट्टी होती, पण तिच्यावर आता त्याची बायको तबस्सुमभाभी चहा करायची. लाख बाहेरून महाग पडते म्हणून बांगडीचं काम सुटलं होतं. “गावात लाख पिकली तं मी दुसऱ्या कोणाले हात लावू देणार नाई,” असं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं.

गोंदियाकडून दोघांनी दोन पोती घेतली. पोत्यांत वीतभर काड्यांच्या जुड्या, काड्यांवर लाख, लाखेत अंडी. तिथल्या माणसानं बजावलं होतं की दोन दिवसांत झाडाला बांधा, पिल्लं निघायला लागली की थांबत नाहीत. बापूराव म्हणाला, दोन दिवस म्हणजे आपल्याकडे खूप झाले.

बस नागभीडच्या अलीकडे बंद पडली. पहिल्या दिवशी ड्रायव्हरनं इंजिन उघडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पार्ट आणायला कंडक्टर गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी बस सुरू झाली अन् दहा मिनिटांतच समोरच्या सीटवरचे एक पांढऱ्या पायजाम्यातले गुरुजी उभे राहिले.

“माझ्या पायजाम्यावर कुंकू चालून राह्यलं,” ते म्हणाले.

खरंच चालत होतं. कुंकवाच्या भुकटीसारखे लाल कण सीटखालून निघून पायजाम्यावरून गुरुजींच्या खिशाच्या दिशेनं जात होते. कंडक्टर आला.

“हे काय आणलं, भाऊ?”

“घाबरू नका. सरकारी किडे हाय,” बापूराव म्हणाला. “चावत नाई.”

सरकारी म्हटल्यावर अर्धी बस खाली उतरली. वहाबभाऊनं वर्तमानपत्रानं किडे पोत्यात लोटायचा प्रयत्न केला. बापूराव सीटच्या गादीवर फुंकर मारत होता. सिंदेवाहीला उतरेपर्यंत एक पोतं जवळपास रिकामं झालं होतं.

“या बसले कार्तिकात चांगली लाख येईन,” वहाबभाऊ म्हणाला. “नंबर लिहून घे, बापूभाऊ.”

ऐंशी झाडांचं बियाणं चाळीस झाडांनाच पुरलं. रुखमाबाईनं अन् बायकांनी जुड्या फांद्यांना सुतळीनं बांधल्या, भर पावसात, एकही न पाडता. आठ दिवसांत लाल ठिपके फुटव्यांवर चढून बसले. श्रावणात त्यांच्यावर पांढरे मेणाचे धागे दिसू लागले अन् खाली खपली धरू लागली. रुखमाबाई धानाची रोवणी करून परत येताना रोज वाकडी वाट करून पाळीखाली जायची अन् एकेक फांदी हात न लावता पाहायची. एक दिवस खुशबू सोबत होती, हातात जीवशास्त्राचं पुस्तक.

“आई, लाख बनवते ते साऱ्या बायाच रायते. नर दोन-चार दिवस जगते अन् मरते.”

“मंग बाया काय करते?”

“एकदा बसल्या की त्याच जागी. पाय गळून पडते त्यांचे.”

“बरं हाय,” रुखमाबाई म्हणाली. “आंध्रात तं जावं लागत नाई.”

राखणीला गावातल्या लटारूला ठेवलं होतं. लटारू गोफण घेऊन पाळीवर बसायचा अन् बकरी दिसली की दगड मारायचा. एकदा संस्थेच्या साहेबांच्या मोटारसायकललाही मारला, पण ती चूक होती. लटारूचं काम चोख होतं. चाळीस झाडांच्या आसपास दीड महिना पानही हललं नाही.

मग पोळा आला.

आमच्याकडे पोळ्याला दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या रोवतात. त्यांना मेढे म्हणतात. पुढच्या दाराला दोन, गोठ्याला दोन, उकिरड्यावर एक, प्रत्येक बांधीत एक. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उपटायच्या अन् गावातली रोगराई, डास, ढेकूण इडापिडा नेणाऱ्या मारबतीला घेऊन जायला सांगत शिवेबाहेर फेकून यायच्या. मेढा कोवळा, सरळ अन् पानांनी भरलेला पाहिजे. वाकडा चालत नाही.

पोळ्याच्या चार दिवस आधी समितीची बैठक झाली. मी सदस्य होतो म्हणून मला सगळं आठवतं. पुढच्या महिन्यात जिल्ह्याचे साहेब आमचं जंगल पाहायला येणार होते. बक्षीस द्यायचं की नाही ते त्यांच्या हाती होतं. बापूरावाला झोप लागत नव्हती.

“दरसाल पोळ्याले जंगलातून शंभर जण फांद्या तोडते,” तो म्हणाला. “साहेब आले अन् झाडं बोडकी दिसली तं काय तोंड दाखवू?”

“मंग मेढा नाई लावायचा का?” डोमाबुढा म्हणाला. डोमाबुढा गावातला सगळ्यात म्हातारा माणूस. रूढीच्या बाबतीत त्याच्यापुढे समिती चालत नव्हती. “मेढा नाई लावला तं मारबत काय घेऊन जाईन? डास घरातच राह्यते.”

“लावा ना बाबा. कोण नाई म्हणते? जंगलातली नाई तोडायची, एवढंच.”

ठराव लिहिला: पोळ्याच्या सणानिमित्त वनातील पळसाची एकही फांदी तोडणार नाही. एकमतानं पास. डोमाबुढ्यानंही अंगठा उठवला. सात वर्षं आमचे सगळ्यांचे डोळे जंगलाकडे लागलेले. पाळीखालचं पडीत जंगलात येत नव्हतं, समितीच्या हद्दीतही येत नव्हतं, म्हणून ठरावात त्याचं नाव आलं नाही. कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्या तर नाहीच.

आता पोळ्याच्या दिवशी नाक्यावर कोण बसणार, हा प्रश्न आला. नाका म्हणजे जंगलाच्या वाटेवर आडवा टाकलेला एक बांबू. ज्यांच्याकडे बैल, त्यांना बैल धुवायचे, रंगवायचे, तोरणाखाली न्यायचे. बापूराव रुखमाबाईकडे वळला.

“बाई, तुमच्या मोहल्ल्यात मेढ्याचं काई नसते. तं त्या दिवशी नाक्यावर तुमी बायकांनी बसावं म्हणतो मी. वाईट नका वाटून घेऊ.”

रुखमाबाईच्या बापानं छप्पन्न सालीच दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या दारात मेढा लागलेला नव्हता.

“वाईट कायचं? बसतो,” ती म्हणाली. “पण लाखेजवळ कोण राहीन?”

“लटारू हाय ना.”

“मी?” लटारू म्हणाला. “माह्ये बैल काय माह्या सासरा धुवन?”

“एक दिवसात लाखेले काय होते?” बापूराव म्हणाला. “बकऱ्या बी सणाले घरीच राह्यते.”

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून भुरभुर पाऊस होता. रुखमाबाई अन् मोहल्ल्यातल्या पाच बायका पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन नाक्यावर बसल्या. खुशबू इतिहासाचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाचत होती. पहिला आला डोमाबुढा, खांद्यावर कुऱ्हाड.

“कुठी चालले, डोमाबाबा?”

“पळसाले.”

“आतमधी नाई भेटत. ठराव झाला. तुमीबी अंगठा मारला.”

“अंगठा मारला तेव्हा मले वाटलं दुसऱ्यांसाठी हाय.”

“सर्व्यांसाठी हाय.”

“मंग आणू कुठून? तूच सांग.”

“जंगलाबाहेर काय पळस कमी हाय का?” रुखमाबाई म्हणाली. “तिकडून घ्या. पण इथी बांबू उचलणार नाई मी.”

तिच्या मनात धुऱ्यावरचे, म्हणजे शेतांच्या बांधावरचे पळस होते. धुऱ्यावरचे पळस वाकडे, गाठींचे, बकऱ्यांनी चावलेले. डोमाबुढ्याला सरळ फांदी पाहिजे होती. तो कुऱ्हाड घेऊन परत फिरला.

त्यानंतर दुपारपर्यंत अठ्ठेचाळीस जण आले. खुशबू वहीच्या मागच्या पानावर काड्या मारत होती. रुखमाबाईनं सगळ्यांना तेच सांगितलं: इथी नाई, बाहेर जा. एकानं बिडी दिली, एकानं शिवी दिली, दोघांनी मागच्या बाजूनं शिरायचा प्रयत्न केला तर बायकांनी त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. बापूराव दुपारी पाहायला आला.

“अशी राखण सात वर्षांत झाली नाई,” तो म्हणाला. “बाई, तुमी तं गार्डाले नोकरीतून काढसान.”

“बाहेर फिरवलं साऱ्यांले.”

“मी बी बाहेरूनच आणली. अध्यक्षानंच जंगलातली आणली तं लोकं काय म्हणन?”

मी आठव्या नंबरचा होतो. डोमाबुढ्याच्या मागोमाग पाळीखाली गेलो. बुढ्यानं दोन तोडल्या होत्या. छाटलेल्या झाडांवरचे फुटवे काय सुंदर होते, छडीसारखे सरळ, ताटाएवढी पानं. तोडताना हाताला खालून खरखरीत लागलं. पावसाचा चिखल असेल असं मी मनाशी म्हटलं. तो चिखल नव्हता हे मला माहीत होतं. पण चाळीस झाडं, अन् माझ्या सातच फांद्या. झाडाला कळणारही नाही अशा बाजूच्या. गावात मेढा लावणारी एकशे दहा घरं आहेत अन् प्रत्येकानं झाडाला कळणार नाही अशाच बाजूच्या घेतल्या.

तीन वाजता रुखमाबाई नाका सोडून निघाली. गावातलं पहिलं घर लटारूचं. ती दारापुढे थांबली. मेढ्याचं पान तिनं वर केलं, खालून बोट फिरवलं. मग दुसऱ्या घरापुढे. मग तिसऱ्या. मी माझ्या दारात उभा होतो. ती माझ्याकडे न पाहता माझ्या मेढ्याकडे पाहून पुढे गेली. बापूरावाच्या दाराला चार मेढे होते, लाखेनं सगळ्यात भरलेले. अध्यक्ष लवकर गेला होता म्हणून त्याला चांगल्या मिळाल्या होत्या.

बापूरावानं तिच्या बोटाकडे पाहिलं अन् मग मेढ्याकडे.

“हे तं बाहेरची हाय, बाई,” तो म्हणाला. “जंगलातली एक बी नाई.”

“हो,” रुखमाबाई म्हणाली. “मीच पाठवलं.”

मग धावपळ सुरू झाली. मेढे आताच उपटून झाडाला परत बांधायचे, असं बापूराव म्हणाला. डोमाबुढा आडवा आला. आज रोवलेला मेढा उद्या सकाळीच निघतो. मधात काढला तर रोग घरात शिरतो. त्याचा नातू दोन दिवसांपासून तापानं पडला होता, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. लटारूला सायकलनं सिंदेवाहीला पाठवून वहाबभाऊला बोलावलं. वहाबभाऊ आला तेव्हा अजून उजेड होता. तो दारोदार फिरला, प्रत्येक मेढा डोळ्याजवळ नेऊन पाहिला.

“माल तं अव्वल होता,” तो म्हणाला.

“झाडाले बांधला तं जगन का?” रुखमाबाईनं विचारलं.

“बाई, हा किडा एकदा बसला की उठत नाई. फांदी हिरवी हाय तवर तो. फांदी वाळली की खतम.”

“फांदी किती दिवस हिरवी राहीन?”

“पाण्यात ठेवली तं सात-आठ रोज.”

“कार्तिकाले तं दोन महिने हाय.”

बापूरावानं या बोलण्यातला ‘पाण्यात’ एवढा एकच शब्द उचलला. दवंडी दिली: मेढा दारातून हलवायचा नाही, पण त्याचं बूड पाण्यात राहील असं करा, पुढचं पुढे पाहू. बुढ्याचीही हरकत नव्हती. घरोघरी बादल्या, घागरी, पितळी गुंड, डेचक्या निघाल्या. जमिनीतला मेढा वर उचलून बादलीत उभा केला, बादली दारातच. रुखमाबाई स्वतः विहिरीवरून पाणी आणून ज्यांच्याकडे कमी पडलं त्यांच्या बादल्या भरत होती. मी तिला म्हटलं, बाई, मी आणतो. तिनं ऐकलं नाही.

इतक्यात तोरण सुटलं अन् बैल दारोदार ओवाळून घ्यायला निघाले. दिवसभराचे उपाशी, अंगावर झुली, शिंगांना रंग. प्रत्येक दारात त्यांच्यासाठी भरलेली बादली अन् बादलीत हिरवा पाला. बायका आरतीचं ताट घेऊन येईपर्यंत बैलांनी पाणी पिऊन टाकलं अन् पाल्यालाही तोंड लावलं. पोळ्याच्या दिवशी बैलाला हाकलत नाहीत, मारत तर नाहीतच. सगळे हात जोडून पाहत राहिले. बापूरावाचा पांढऱ्या तोंडाचा बैल चौथी फांदी चावत होता तेव्हा बापूरावाची बायको त्याला ओवाळत होती.

सकाळी जे काही उरलं होतं ते पोरांनी उचललं. खोकला, खरूज, डास, ढेकूण घेऊन जा गे मारबत, असं ओरडत सगळी गल्ली शिवेकडे धावली. रुखमाबाई आपल्या दारात उभी होती. तिच्या दारापुढे पोरं आली की आवाज कमी करत होती अन् दार ओलांडलं की परत ओरडत होती. शेवटी लटारू आला, हातात त्याचे दोन मेढे.

“बाई, मी नाई फेकले. हे तुमी ठेवा.”

“काय करू त्याचं?”

“मालूम नाई. पण मले फेकवलं नाई.”

तिनं ते घेतले अन् कुडाला टेकवून ठेवले. मग ती शिवेवर गेली. फेकलेल्या ढिगातून तिनं अन् खुशबूनं अख्खी सकाळ फांद्या निवडल्या. पायांनी तुडवलेल्या, चावलेल्या. काही झाडांना बांधून पाहिल्या. मधल्या वाटेवर मी दिसलो तेव्हा खुशबूनं मला विचारलं, “काका, तुमी किती तोडल्या?” मी सांगितलं, दोन. तिनं वहीत काडी मारली नाही.

चाळीस झाडांपैकी सहा झाडांच्या शेंड्याच्या फांद्या उरल्या होत्या, जिथं कुणाचा हात पुरला नव्हता. भादव्याच्या शेवटी जिल्ह्याचे साहेब आले. जंगलात दोन तास फिरले. पोळा होऊनही पळसाची एक फांदी तोडलेली दिसत नाही, असं गाव आपण पाहिलं नाही, असं त्यांनी भाषणात सांगितलं अन् त्याचं श्रेय बापूरावाला दिलं. बापूरावानं उठून ते रुखमाबाईला दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या अन् साहेबांनी तिला पुष्पगुच्छ दिला. त्यात पळसाचं पान लावलेलं होतं.

कार्तिकात लाख काढली. एका सुपात मावली. वहाबभाऊ तराजू घेऊन आला होता, पण त्यानं तो पिशवीतून काढला नाही. पुढच्या हंगामाला बियाणं म्हणून अर्धी ठेवावी का, यावर चर्चा झाली, पण ती अर्धी एका झाडालाही पुरली नसती.

फेब्रुवारीत मुकादमाची जीप आली.

“पोरीले माह्या घरी ठेवा,” बापूराव रुखमाबाईला म्हणाला. “माह्यी पोरगीच समजीन मी.”

“तुमच्या घरी कोण हाय आता, बापूभाऊ? वहिनी तं जीपमधी बसली.”

बापूरावानं जीपकडे पाहिलं. त्याची बायको पुढच्या सीटवर होती.

वहाबभाऊनं पोरीला तबस्सुमभाभीजवळ ठेवायचं म्हटलं होतं, पण त्याच आठवड्यात त्याच्या घरी दोन बहिणी बाळंतपणाला आल्या अन् झोपायला ओटासुद्धा उरला नाही. मास्तर म्हणाले, न्या, पण पेपरच्या दोन दिवस आधी परत पाठवा, हॉल तिकीट मी माझ्याजवळ ठेवतो. रुखमाबाईनं मुकादमाकडून तसं कबूल करून घेतलं. खुशबू पुस्तकं घेऊन गेली. दिवसभर मिरची तोडायची अन् शेतावरच्या पालात वाचायची, असं ठरलं होतं, अन् ती तसं करतही होती असं नंतर बायकांनी सांगितलं.

दोन दिवस आधी मुकादमाला गाडी मिळाली नाही. एक दिवस आधीही नाही. शेतमालकाला शेवटची दोन शेतं उरकून पाहिजे होती. पेपरच्या आदल्या दिवशी चार वाजेपर्यंत दोघी मायलेकी मिरचीत होत्या. मग ट्रकनं, मग रेल्वेनं, मग पहाटेच्या बसनं त्या निघाल्या. सिंदेवाहीला उतरल्या तेव्हा साडेदहा वाजले होते. वहाबभाऊ बसस्टँडवर उभा होता. त्यानं खुशबूला दुकानात नेऊन साबणानं दोनदा हात धुवायला लावले, तबस्सुमभाभीनं वेणी घालून दिली. मास्तर केंद्राच्या फाटकावर हॉल तिकीट घेऊन उभे होते. रुखमाबाई बाहेर कुंपणाला टेकून बसली.

“येते ना तुले?” तिनं विचारलं.

“येते,” खुशबू म्हणाली. “सारं येते.”

मराठीचा पेपर अकराला सुरू झाला. पहिला प्रश्न लिहून झाल्यावर खुशबूला घाम आला अन् तिनं बोटांनी डोळे पुसले. मिरची बोटांतून दोनदा धुऊनही गेलेली नव्हती. पर्यवेक्षक बाईंनी तिला धरून बाहेर नळावर नेलं. दोन वाजता उत्तरपत्रिका गोळा केल्या तेव्हा ती नळावरच होती.